गोष्ट कोण सांगतो?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आहे : ‘कादंबरीचे घटक सोदाहरण स्पष्ट करा.’ त्याचे उत्तरही तितकेच स्थिर झालेले आहे. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, निवेदन, भाषाशैली अशी सात-आठ नावे ओळीने लिहावयाची, प्रत्येकाखाली गाइडातील चार वाक्ये उतरवावयाची आणि उदाहरण म्हणून नेमलेल्या पुस्तकाचे नाव घालावयाचे. पुढच्या वर्षी पुस्तक दुसरे नेमले गेले तर तेवढे नाव बदलते. वाक्ये तीच राहतात. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, कळवण, इगतपुरी अशा तालुक्यांतून आलेली, घरातली पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी मुलगी या उत्तरावर उत्तीर्ण होते. गोष्ट उलगडून पाहण्याची काही हत्यारे आपल्या हाती देण्यात आली होती, हे मात्र तिला अखेरपर्यंत कळत नाही.

चळवळीतील कार्यकर्त्याला ही तक्रार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शाळा बंद पडत असताना, शिक्षकांच्या जागा रिकाम्या असताना, कथानक आणि निवेदन यांची चिंता कोणी वाहावी? ती मराठीच्या विभागाने वाहावी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः समाजवादी चळवळीने या परिभाषेकडे पाठ फिरवली, त्याला फार मोठा इतिहास आहे. १९३० नंतरच्या काळात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या निमित्ताने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद महाराष्ट्रात गाजला. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ या १९३१ च्या ग्रंथात लेखनाच्या तंत्राची मांडणी केली, आणि तंत्र म्हणजे फडके, तंत्र म्हणजे रंजन, असे समीकरण पुरोगामी मंडळींच्या मनात पक्के बसले. जीवनाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी आशय आपल्याकडे ठेवला आणि तंत्र प्रतिपक्षाला देऊन टाकले. भांडवलदाराशी भांडण आहे म्हणून हिशेबाची वहीही त्याच्याच स्वाधीन करण्यासारखा हा प्रकार झाला. हिशेब समजल्यावाचून भांडता येत नाही, हे कामगार संघटनेच्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही.

ही हत्यारे कशासाठी असतात, ते कथानकापासूनच पाहावे. गाइड सांगते की कथानक म्हणजे घटनांची मालिका. हे अर्धेच खरे आहे. लासलगावच्या बाजारात कांद्याचे भाव पडले, नंतर निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने बैल विकले : ही मालिका झाली. भाव पडले म्हणून त्याने बैल विकले, असे म्हटले की कथानकाला आरंभ होतो. कारण दोन घटनांमध्ये ‘म्हणून’ हा शब्द आला. हा शब्द एकदा हातात आला की तो थांबत नाही. मग भाव कशाने पडले, हेही विचारावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठविली. तत्पूर्वी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसविले होते. आता ‘भाव पडले’ या क्रियापदाकडे विद्यार्थ्याने पुन्हा पाहावे. पाऊस पडतो, पाने पडतात, तसेच भावही पडतात, असे ते क्रियापद सुचविते. त्याला कर्ता नाही. ज्या विद्यार्थ्याला कथानकाचा अर्थ खरोखर शिकविला गेला, तो या वाक्याचा कर्ता कोठे गेला, असे विचारील. अर्थशास्त्राच्या वर्गात हाच प्रश्न कार्यकारणभाव या नावाने विचारला जातो आणि तेथेही तो पाठच केला जातो, हा भाग वेगळा.

पात्रे आणि संवाद यांविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. तेवढे विद्यार्थ्यांना न शिकविताही कळते. गावातला प्रत्येक माणूस दुसऱ्याची नक्कल करूनच मोठा झालेला असतो. वातावरणाबाबत मात्र गाइडांनी एक हानी केली आहे. वातावरण म्हणजे निसर्गवर्णन, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. कोकण म्हटले की माड आणि समुद्र. देश म्हटला की बैल आणि मोट. ज्या जमिनीवर माड उभा आहे ती कोणाच्या नावावर आहे, तिचा सारा कोण गोळा करतो, हाही वातावरणाचाच भाग आहे, हे उत्तरपत्रिकेत कोठे आढळत नाही.

पण या सर्व संज्ञांमध्ये जिच्यावर बाकीच्या उभ्या आहेत आणि जी सर्वांत कमी शिकविली जाते, ती संज्ञा निवेदक ही होय. गोष्ट कोण सांगतो? लेखक सांगतो, असे उत्तर बहुतेक विद्यार्थी देतील, आणि ते चूक आहे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती लिहिली हरिभाऊंनी. पण सांगते यमू, स्वतःच्या तोंडाने. पुण्यातल्या ब्राह्मण घरातली बालवधू, पुढे विधवा झालेली. हरिभाऊंची सुधारकी मते सर्वांना ठाऊक होती. ती त्यांनी स्वतःच्या नावाने निबंधात मांडली असती तर सनातन्यांना प्रतिवाद करणे सोपे होते. यमूशी प्रतिवाद कसा करावा? ती मत मांडत नाही, घरात काय घडले ते सांगते. लेखकाने आपला आवाज बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मुखातून बोलावे, या एका तांत्रिक निर्णयात त्या कादंबरीची सारी सामाजिक शक्ती साठलेली आहे. ‘कादंबरीतील स्त्रीजीवनाचे दर्शन’ या विषयावर विद्यार्थी पाने भरतात आणि हा निर्णय त्यांच्या ध्यानातही येत नाही.

आत्मचरित्रात लेखक आणि निवेदक एकच असतात. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ‘मी’ म्हणजे लक्ष्मीबाईच. अशा पुस्तकाशेजारी कादंबरी ठेवून शिकविले तर लेखक आणि निवेदक यांतील भेद पाच मिनिटांत कळतो. न शिकविल्यास कथेतला ‘मी’ हा लेखकच, असे समजून चालण्याची खोड लागते आणि ती पुढे पदव्युत्तर वर्गापर्यंत टिकते.

नाशिकच्या विद्यार्थ्यासाठी याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे नाशिकच्याच तुरुंगात लिहिले गेलेले एक पुस्तक. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत कारावास भोगत असताना साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते पुरे केले. एवढ्या थोड्या दिवसांत, अश्रू ढाळीत लिहिलेले पुस्तक, अशी त्याची ख्याती आहे, आणि म्हणून ते रचनेच्या दृष्टीने वाचण्याजोगे नाही, असा समज समीक्षक आणि भक्त या दोघांचाही आहे. दोघेही चुकतात. या पुस्तकाला एक बाहेरची चौकट आहे : आश्रमात रात्री प्रार्थना झाल्यावर मित्र जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणांना प्रकरणे न म्हणता रात्री म्हटले आहे. अशा ४२ रात्री आहेत. म्हणजे येथे तीन माणसे आहेत. एक, लिहिणारे पांडुरंग सदाशिव साने. दुसरा, आश्रमात बसून बोलणारा वयस्क श्याम. तिसरा, पालगडच्या घरात वावरणारा लहान श्याम, ज्याला त्या वेळी फारसे काही कळत नव्हते. लहान श्यामने पाहिले, मोठ्या श्यामने सांगितले, सान्यांनी लिहिले. या तिघांमधले अंतर ओळखले नाही तर पुस्तकातले बरेच काही हातून निसटते.

एक प्रसंग पाहावा. महार समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईची लाकडांची मोळी खाली पडलेली असते. ती तिला एकटीला उचलत नाही आणि विटाळाच्या भयाने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे. आणि मग घरी येऊन अंघोळ कर. प्रसंग एवढाच. शाळेत तो आईच्या थोरवीचे उदाहरण म्हणून शिकविला जातो, आणि त्या काळी एका ब्राह्मण घरातील स्त्रीने हे सांगावे ही गोष्ट लहान नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. पण अंघोळीचे काय? ती गाळून टाकण्याचा मोह शिक्षकाला होतो. निवेदकाने ती गाळलेली नाही. श्याम प्रांजळपणे दोन्ही गोष्टी सांगतो, आणि त्या प्रांजळपणामुळेच वाचकाला त्या घराची मर्यादा दिसू शकते. आता निवेदकाविषयीचा प्रश्न विचारावा : हा प्रसंग दिसतो कोठून? तो दिसतो श्यामच्या डोळ्यांतून. म्हातारी बाहेरून दिसते. तिची मोळी दिसते, तिची लाचारी दिसते. तिच्या मनात काय आले, मुलगा घरी परत जाऊन न्हाणार आहे हे तिला ठाऊक असेल काय, आणि ते ठाऊक असूनही तिने त्याला दुवा का द्यावा, हे या निवेदनातून कळण्याची सोय नाही.

हा साने गुरुजींवर आक्षेप नव्हे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करणाऱ्या लेखकाची दृष्टी श्यामच्या अंगणापुरती होती, असे कोण म्हणेल? निवेदकाची मर्यादा ही लेखकाची मर्यादा नसते, हेच तर शिकवावयाचे आहे. तसेच खोतीविषयी. श्यामचे घराणे खोताचे, पूर्वी सुस्थितीत असलेले, पुढे कर्जात बुडालेले. सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो, घर लिलावात निघते, दवंडी पिटली जाते. ऋणको कुटुंबाच्या आतून कर्ज कसे दिसते, याचे इतके बारीक चित्र अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मिळणे कठीण आहे. पण खोताच्या खाली कुळेही होती, आणि खोतीविषयी श्याम थोडेफार सांगत असला, तरी कुळाचे घर आतून दिसत नाही. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि प्रत्यक्ष कायदा व्हावयास १९४९ उजाडले. कोकणाचे वातावरण शिकविताना माडांबरोबर हेही शिकविता येते. त्यासाठी वेगळी संज्ञा लागत नाही.

‘श्यामची आई’ लिहिले जात होते तेव्हा तुरुंगाच्या भिंतीबाहेर नाशिक शहरात काय चालले होते, हे स्मरले म्हणजे या प्रसंगाला आणखी एक अर्थ येतो. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला होता आणि तो प्रश्न १९३५ पर्यंत धगधगत राहिला. त्याच १९३० साली, नाशिकरोडच्या तुरुंगापासून फार दूर नसलेल्या विहितगावात, बाबुराव बागुल यांचा जन्म झाला. गुरुजी श्यामच्या रात्री लिहीत होते तेव्हा ते अडीच वर्षांचे होते. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेचा निवेदक ‘मी’ आहे : नोकरीसाठी गुजरातेत गेलेला, रेल्वेत लागलेला, राहावयास जागा मिळावी म्हणून जात न सांगणारा तरुण. तो कविता करतो. लोक त्याला मान देतात. जात उघडकीस आल्यावर तेच लोक त्याला बेदम मारतात. जात न लपविता ताठ मानेने वावरणारा काशीनाथ त्याला सोडवावयास धावून येतो.

या कथेची घडण निवेदकाच्या निवडीवर आधारलेली आहे. ‘मी’ने जे भोवतालच्या सर्वांपासून लपविले आहे, ते त्याने वाचकाला पहिल्यापासून सांगून ठेवले आहे. म्हणून त्याला मिळणारा प्रत्येक मान, त्याच्यापुढे ठेवलेला प्रत्येक पेला वाचकाला धास्तावतो. पात्रांना जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक असणे, ही गोष्ट रहस्यकथेपासून शोकांतिकेपर्यंत सर्वत्र वापरली जाते. बागुलांनी तिचा उपयोग असा केला की सवर्ण वाचकही दोन तास जात लपवून बसतो, आणि पकडले जाण्याची भीती त्याला स्वतःच्या छातीत जाणवते. हीच कथा एखाद्या कनवाळू तृतीयपुरुषी निवेदकाने सांगितली असती तर वाचकाला दया वाटली असती आणि तो सुरक्षित राहिला असता. मोळीच्या प्रसंगात जी बाई बाहेरून दिसत होती, तिच्या बाजूचा माणूस तीस वर्षांनी स्वतः बोलू लागला. मराठी कथेच्या इतिहासातील हे स्थलांतर निवेदक या संज्ञेवाचून समजावून सांगता येत नाही.

आणि तरीही बागुलांच्या कथेवर प्रश्न येतो तो ‘दलित जीवनाच्या वेदनेचे दर्शन’ असाच. १९६३ हेच साल भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चेही आहे. तिथेही पांडुरंग सांगवीकर नावाचा एक ‘मी’ बोलतो. ‘कोसला’च्या निवेदनशैलीवर, भाषेवर, रचनेच्या मोडतोडीवर वर्गात तासन्‌तास चर्चा होते, आणि ती व्हावयासही हवी. मग बागुलांच्या ‘मी’च्या वाट्याला वेदना आणि विद्रोह हे दोनच शब्द का यावेत? काहींनी कला निर्माण करावी आणि काहींनी आपले दुःख सादर करावे, अशी ही श्रमविभागणी आहे. ती वरकरणी सहानुभूतीची वाटते. तिच्यात दडलेले गृहीत असे की दलित, ग्रामीण वा आदिवासी लेखक जे भोगले ते जसेच्या तसे ओकून टाकतो. निवड, मांडणी, विचारपूर्वक केलेली रचना ही त्याची कामे नव्हेत. शेतमजुराच्या कामाला अकुशल ठरविणारे वेतनाचे कोष्टक जसे कोणीतरी बसून तयार केलेले असते, तसेच हेही आहे. दुःखाची गोष्ट अशी की ते तयार करण्यात पुरोगामी समीक्षेचा वाटा मोठा आहे. आशय बरोबर आहे ना, मग रचनेचे काय घेऊन बसलात, असे म्हणणारे बहुधा लेखकाचे मित्रच असतात.

भाषेचेही तसेच आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) या दोन्ही कादंबऱ्या शिंप्याच्या कुटुंबाच्या आहेत, हा एक उपयुक्त योगायोग. ‘धग’मध्ये कौतिक आणि तिच्या घरची माणसे वऱ्हाडी बोलतात, निवेदक मात्र मुख्यतः प्रमाण मराठीत बोलतो. ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याची बायको पार्वती स्वतःच सांगते, आणि सारे निवेदन मराठवाड्याच्या बोलीत होते. बलुत्यावर कपडे शिवणाऱ्या कारागिराचे गावाशी असलेले नाते कसे तुटत गेले, हे अर्थव्यवस्थेच्या भाषेत सांगावयाचे तर ग्रामीण अर्थव्यवस्थेत रोख पैशाचा शिरकाव, असे सांगता येईल. पार्वती ते तसे सांगत नाही. तिच्या भाषेत ते घर मोडल्याचे दुःख आहे. दोन्ही कादंबऱ्या थोर आहेत, आणि अमुक एक पद्धत अधिक पुरोगामी असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत असले की सांगणारा आणि भोगणारा यांच्यात एक उंबरठा तयार होतो, आणि ‘पाचोळा’त तो उंबरठा काढून टाकलेला आहे, एवढे विद्यार्थ्याला दिसले पाहिजे. सुरगाण्याच्या मुलीला ते दिसले तर कोकणी बोलीत तिची आजी सांगते त्या गोष्टींनाही निवेदक आहे, आणि आपण उत्तरपत्रिकेत जे मराठी लिहितो तेही कोणाचे तरी निवेदन आहे, हे तिच्या ध्यानात येण्यास वेळ लागणार नाही.

रूपाचा असा विचार करणे हे बूर्झ्वा चोचले आहेत, असा आक्षेप अजूनही ऐकू येतो. तो घेणाऱ्यांनी एंगल्सने १८८८ मध्ये मार्गारेट हार्कनेस या लेखिकेला पाठविलेले पत्र वाचावे. बाल्झाक हा राजकीय मतांनी राजनिष्ठ होता. तरीही फ्रेंच समाजाविषयी, त्यातील मालमत्तेच्या फेरवाटपाविषयीसुद्धा, त्या काळच्या इतिहासकारांकडून, अर्थशास्त्रज्ञांकडून आणि संख्याशास्त्रज्ञांकडून जेवढे शिकता आले त्याहून अधिक आपण त्याच्या कादंबऱ्यांतून शिकलो, अशा आशयाचे एंगल्सचे म्हणणे त्या पत्रात आहे. लेखकाचे मत काय, एवढेच तपासून एंगल्स थांबला असता तर त्याने बाल्झाक मिटून ठेवला असता. मराठीत नवकथेचे एक अध्वर्यू गंगाधर गाडगीळ हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, हेही जाता जाता सांगण्याजोगे आहे. त्यांची राजकीय मते या पक्षाच्या वाचकांना मानवणारी नव्हती. पण मध्यमवर्गीय मनाचा आतला हिशेब त्यांच्या कथांतून जसा कळतो तसा त्या वर्गावरच्या सभेतल्या भाषणांतून कळत नाही.

वर्गाबाहेर या संज्ञांचा काय उपयोग, हे विचारणाऱ्यांसाठी नाशिकचेच एक अलीकडचे उदाहरण आहे. ६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी नाशिकहून पायी निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईला पोहोचले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण येथील आदिवासी मोठ्या संख्येने होते. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ते अखेरचा टप्पा रात्रीच चालले आणि १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर आले. मुंबईने त्यांना पाणी दिले, बिस्किटे दिली, पादत्राणे दिली. सोलवटलेल्या पायांची छायाचित्रे देशभर छापली गेली. या गोष्टीवर तीच जुनी संज्ञा लावून पाहावी. ती कोणी सांगितली? बहुतांशी शहराने सांगितली, आणि म्हणून तिचा नायक हळूहळू शहरच झाले : कोण किती गहिवरले, कोणी काय वाटले, शेतकरी किती समजूतदार निघाले. कथानकातला ‘म्हणून’ गळाला. ही माणसे चालली ती वनहक्क कायदा २००६ सालचा असूनही कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे नावावर होत नव्हते म्हणून, कर्जमाफी आणि हमीभाव यांसाठी. त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिले आणि शहराच्या गोष्टीचा शेवट गोड झाला. चालणाऱ्यांची गोष्ट तेथे संपली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांना नाशिकहून पुन्हा निघावे लागले आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा. शेवट कोठे करावयाचा हे ज्याच्या हाती असते, त्याच्याच बाजूने गोष्ट संपते. वृत्तपत्रांनी खोटे छापले असे येथे म्हणावयाचे नाही. प्रत्येक तपशील खरा असूनही गोष्ट दुसऱ्याचीच होऊ शकते, आणि हे पकडण्यासाठी ज्या शब्दांची गरज आहे ते शब्द प्रत्येक महाविद्यालयात दहा गुणांसाठी पाठ करून घेतले जातात.

सरकारी अहवालांचेही असेच वाचन करता येईल. त्यांतला निवेदक नेहमी सर्वज्ञ असतो, कोठेही दिसत नाही, आणि त्याला कोणी निवडून दिलेले नसते. पण तो विषय स्वतंत्र आहे.

आता एक अडचण खरी आहे आणि ती टाळता येणार नाही. ज्या मुलांना परिच्छेद सलग वाचता येत नाही त्यांना निवेदकाच्या प्रकारांत गुंतविणे हा क्रूर विनोद होईल, असे खेड्यातले शिक्षक म्हणतात. प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वज्ञ, मर्यादित अशी वर्गवारी पाठ करवून घेणे म्हणजे तोच विनोद होय, यात शंका नाही. परंतु संज्ञा अखेरीस यावयाची असते. प्रश्न अगोदर यावयाचा असतो, आणि प्रश्नाला अक्षरओळखही लागत नाही. हे कोण सांगतो आहे, त्याला ते कोठून कळले, आणि दुसऱ्याने सांगितले असते तर काय बदलले असते, हे तीन प्रश्न कीर्तन, तमाशा, पारावरच्या गप्पा किंवा दूरचित्रवाणीवरची मालिका यांविषयीही विचारता येतात. अण्णा भाऊ साठे यांना शाळेचे सुख जवळजवळ मिळालेच नाही. १९५९ च्या ‘फकिरा’चा निवेदक कसा उभा करावयाचा हे ते काही प्रश्नसंचातून शिकले नव्हते.

शिक्षकांची प्रतीक्षा करीत बसण्याचे कारण नाही. नाशिकमध्ये १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचे विद्यार्थी नोकरी, शेती, संसार सांभाळून घरी पुस्तक उघडतात. डिसेंबर २०२१ मध्ये याच शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच सुमारास भरली, तेव्हा दोन्ही मांडवांत तरुण श्रोते होते. पक्षाच्या अभ्यासवर्गांत अर्थसंकल्प समजावून सांगण्यासाठी एक सत्र असते, सहकारासाठी असते, राज्यघटनेसाठी असते. कथावाचनासाठी अर्धा दिवस काढावा, एवढीच मागणी आहे, आणि त्या अर्ध्या दिवसात ‘या कथेतून कोणता संदेश मिळतो’ हा प्रश्न कोणी विचारू नये.

त्याऐवजी ‘श्यामची आई’तला तो मोळीचा प्रसंग मोठ्याने वाचावा. मग जमलेल्यांना अर्धा तास द्यावा आणि सांगावे की ती म्हातारी मोळी घेऊन घरी पोहोचली आहे. चूल पेटवताना तिने वाटेत घडलेली गोष्ट आपल्या नातीला सांगितली. ती गोष्ट तिच्या शब्दांत लिहा. मुलाने अंघोळ केली की नाही, हे तिला ठाऊक आहे असे धरावयाचे की नाही, ते लिहिणाऱ्याने ठरवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी ती तोंडी सांगावी, आणि शेजारी बसलेल्याने उतरवून घ्यावी.